डोळे येण्यावरील घरगुती वनौषधी

ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली की घरोघरी तेच उपाय निघतात: हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला रुमाल, रात्रभर भिजवलेल्या धन्यांचे पाणी, गुलाबपाणी, त्रिफळ्याचा गाळलेला काढा. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर साथ पसरली, तेव्हाही हेच झाले.

आयुर्वेदात या विकाराला अभिष्यंद म्हणतात. वातज, पित्तज, कफज आणि रक्तज असे त्याचे चार प्रकार. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांचे मूळ अभिष्यंदातच मानले आहे. डोळ्यावर धार धरणे म्हणजे सेक, थेंब सोडणे म्हणजे आश्च्योतन, पापण्यांवर लेप म्हणजे बिडालक.

सर्वांत भक्कम पुरावा दारुहळदीचा. (ही स्वयंपाकातली हळद नव्हे, झाड वेगळे.) तिच्यातील बर्बेरिन या घटकाचे थेंब खुपऱ्यांच्या (पापण्यांच्या आत खरखरीत पुरळ येणारा डोळ्यांचा रोग, ट्रॅकोमा) रुग्णांवर तपासून १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि गुण दिसला होता. पण खुपऱ्या जिवाणूमुळे होतात, तर साथीतले डोळे बहुधा अॅडिनोविषाणूमुळे येतात. त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथे लागू होत नाही. हळदीतील कर्क्युमिनवरचा १९९९ चा अभ्यास डोळ्याच्या आतल्या, दीर्घकाळच्या दाहाचा होता. त्यात औषध पोटातून, ३७५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिले होते. डोळ्यात हळद कोणी घातली नव्हती.

विषाणूजन्य डोळे एक-दोन आठवड्यांत आपोआप निवळतात, म्हणून त्या काळात केलेला कुठलाही उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. वनस्पतीत गुण असेलही. पण वाटीत गाळलेला काढा निर्जंतुक नसतो, आणि सुजलेल्या डोळ्याला त्यातून नवा संसर्ग होऊ शकतो. हळदीच्या रुमालाने बाहेरून चिपडे टिपायला हरकत नाही, मात्र तो ज्याचा त्यानेच वापरावा. एकच रुमाल घरभर फिरला तर साथही घरभर फिरते.

रुईचा चीक मात्र कधीच नको. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पाने खुडताना तो बोटांना लागतो आणि हात नकळत डोळ्याकडे जातो. चिकाने बुबुळाच्या आतील थराला इजा होते, नजर धूसर होते. दुखणे फारसे नसल्याने रुग्ण उशिरा येतो. चीक गेल्यास लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावा.