दबका आवाज आणि जांभ्याची जमीन

रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या दगडी पठारावर, धातू शोधणारा मेटल डिटेक्टर फिरवताना हेडफोनमध्ये मधूनच एक दबका, तुटक आवाज येतो. कॉइल, म्हणजे यंत्राच्या टोकाची तारेच्या वेटोळ्याची चकती, डावीकडून नेली की ऐकू येतो, उजवीकडून आणली की गायब. खणायचे की पुढे सरकायचे? हा प्रश्न यंत्राच्या जन्मापासून त्याच्या मागे लागलेला आहे. कोकणात तो जास्तच अडवतो, कारण इथल्या जमिनीतच लोह भरलेले आहे.

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. पाठीत शिरलेली गोळी कुठे अडकली आहे ते डॉक्टरांना सापडेना, म्हणून टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दोन वेटोळ्यांचे यंत्र पुढे आणले. एका वेटोळ्याचा दुसऱ्यावरचा परिणाम शून्य होईल अशी त्यांची मांडणी करायची. जवळ धातू आला की हा तोल बिघडतो आणि कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये आवाज उमटतो. आजच्या बहुतेक यंत्रांचे तत्त्वही हेच. १ ऑगस्टच्या तपासणीत बेल यांना क्षीण आवाज मिळाला, पण तो एका जागी ठरेना, भल्यामोठ्या भागावर पसरलेला होता. कारण नंतर कळले: गादीत पोलादी तारा होत्या. त्यात डॉक्टर गोळी उजव्या बाजूलाच आहे असे धरून चालले होते आणि शोधही तिथेच झाला. १९ सप्टेंबरला अध्यक्ष वारले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला निघाली.

क्षीण सिग्नल वाचण्याचे निम्मे शास्त्र या एका फसलेल्या प्रयोगात आहे. वस्तूचा आवाज लहान असला तरी त्याला कडा असतात. पसरट, कडा नसलेला आवाज बहुधा खालच्या थराचा असतो. बेल यांच्या वेळी तो थर गादीतल्या तारांचा होता, आपल्याकडे जांभ्याचा, म्हणजे कोकणातल्या तांबड्या, लोह भरलेल्या दगडाचा असतो.

पुढचा टप्पा अभियंते गेरहार्ड फिशर यांचा. विमानांच्या रेडिओ दिशादर्शकांचे वाचन धातूजवळ आणि खनिजाच्या जमिनीवर चुकते हे त्यांनी पाहिले आणि त्या चुकीचाच उपयोग शोधासाठी केला. त्यांचे पेटंट १९३७ चे. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून चालवता येईल असे सुरुंगशोधक यंत्र बनवले. वजन सुमारे १४ किलो. १९४२ च्या अल अलामीनच्या लढाईत अशी ५०० यंत्रे वापरात होती. युद्धानंतर हौशी लोकांच्या हाती आलेली स्वस्त यंत्रे बहुतेक दोन आंदोलकांच्या (विद्युत कंपने निर्माण करणाऱ्या मंडलांच्या) सुरातला फरक ऐकवणारी होती. कॉइल जमिनीपासून दोन बोटे वर गेली तरी त्यांचा सूर बदलायचा. जांभ्यावर असले यंत्र जवळपास निरुपयोगी.

खरा फरक पडला १९७० च्या दशकात, फेज, म्हणजे उत्तर किती मागे पडते ते, मोजणाऱ्या कमी वारंवारतेच्या यंत्रांमुळे. कॉइलमधून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो, साधारण ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. त्यामुळे धातूत भोवरी प्रवाह फिरतात आणि त्यांचे उत्तर थोडे उशिरा परतते. जाड तांबे किंवा चांदी जास्त मागे पडते, पातळ पत्रा कमी. जमिनीतले लोहखनिज मात्र जवळजवळ मागे पडतच नाही. म्हणून जमिनीचा वाटा ओळखून वजा करता येतो. यालाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात.

पण वस्तू खोल असेल आणि जमिनीचे उत्तर तिच्यापेक्षा कितीतरी मोठे असेल, तर वजाबाकीनंतर पडद्यावरचा, धातू सुचवणारा आकडा लोखंडाकडे ओढला जातो. जांभ्यावर नेहमी हेच होते. पडद्यावर लोखंडाचा आकडा दिसला म्हणून खाली लोखंडच आहे असे धरणे ही इथली सर्वांत मोठी चूक. लोखंड गाळणारे डिस्क्रिमिनेशन चढवून ठेवले तर असा खोल सिग्नल कानापर्यंत पोहोचतच नाही. दबके आवाज ऐकायचे असतील तर डिस्क्रिमिनेशन शून्यावर आणावे, सगळे ऐकावे आणि निवड कानाने करावी.

जांभ्याला ‘लॅटेराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी दिले, ‘विटेसारखा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. त्यांचा ग्रंथ १८०७ चा, निरीक्षण मलबारातले. भरपूर पावसाने मुरमातले सिलिका आणि क्षार धुऊन जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरतात. चिरेखाणीत दिसणारा तांबडा रंग त्यातल्याच लोहाचा. या लोहाचा काही भाग मॅगेमाइट या जोरकस चुंबकीय खनिजाच्या रूपात असतो आणि यंत्राला खरा त्रास त्याचाच. माती तापली आणि सोबत पालापाचोळा असला की साध्या लोहऑक्साइडाचे मॅगेमाइट बनते. वरच्या मातीची ही वाढीव चुंबकता फ्रेंच संशोधक ल बोर्न्य यांनी १९५५ मध्ये मांडली आणि पुढे आगीचा त्यातला वाटाही दाखवला. कोकणात त्याचा अर्थ सरळ आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या भाताची दाढ (रोपांचा वाफा) भाजली जाते, कवळ (झाडाच्या पाल्याच्या डहाळ्या), गवत, शेण पसरून राब जाळला जातो, तिथली वरची चार बोटे माती शेजारच्या खाचरापेक्षा जास्त ‘बोलते’. शेताच्या कोपऱ्यात अचानक यंत्र कुरकुरू लागले तर पुरलेल्या हंड्याची कल्पना करण्याआधी तिथे दाढ होती का ते मालकाला विचारावे. वणव्याने जळलेल्या सड्यालाही हेच लागू.

यावर पल्स इंडक्शनची यंत्रे हा एक उपाय. ही यंत्रे सतत लहर सोडत नाहीत. एक झटका देऊन थांबतात आणि काही मायक्रोसेकंदांनी उरलेला ऱ्हास मोजतात. खारे पाणी आणि बरीचशी खनिजे तोवर गप्प झालेली असतात. मात्र मॅगेमाइटचे अतिसूक्ष्म कण झटका संपल्यावरही रेंगाळतात, म्हणून जांभ्यावर पल्स यंत्रही पूर्ण शांत राहत नाही. शिवाय ते लोखंड आणि चांदी नीट वेगळी करत नाही. ते ओल्या वाळूत उपयोगी, वस्तीच्या जुन्या जागेवर खिळ्यांनी जीव नकोसा करते.

किनाऱ्याचे गणित वेगळे. काळबादेवी, मालगुंड, पूर्णगड या पट्ट्यातल्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे आणि सोबत मॅग्नेटाइटही. कागदात गुंडाळलेले चुंबक वाळूतून फिरवावे. दाट मिशा चिकटल्या तर सेन्सिटिव्हिटी उतरवायची. वर ओल आणि मीठ असले की दोन वेगळ्या अडचणी एकत्र येतात: काळी वाळू लोखंडासारखी वागते आणि खारे पाणी पातळ पत्र्यासारखे. एका वारंवारतेच्या यंत्रात एकाचा तोल साधला की दुसरा बिघडतो. म्हणून अशा ठिकाणी एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारी यंत्रे सरस ठरतात. पावसाळी लाटांनी वाळू ओढून नेल्यावर काळा थर उघडा पडतो आणि जड वस्तूही त्याच थरावर बसतात. त्यामुळे उधाणाच्या सुकतीला, पाणी सर्वांत खाली असताना, काम करणे फायद्याचे; फक्त आवाज जास्त सोसावा लागतो.

जमीन किती गोंगाटी आहे हे आधी मोजता येते. स्वच्छ जागी, सेन्सिटिव्हिटी न बदलता कॉइल कमरेपासून सावकाश खाली आणावी आणि जमिनीमुळे आवाज सुरू होतो ती उंची बोटांनी मोजावी. सुरुंग काढणारी पथके जमिनीची प्रत ठरवायला याच कल्पनेची प्रमाणित चाचणी वापरतात. वीतभर उंचीवरच यंत्र ओरडू लागले तर सेन्सिटिव्हिटी एक-दोन पायऱ्या उतरवून, कॉइल पाच ते पंधरा सेंटिमीटर वरखाली करून तोल पुन्हा साधायचा. सेन्सिटिव्हिटी उतरवली की खोली कमी होते ही समजूत अशा जमिनीत उलटी पडते: गोंगाट गेल्यावरच खोलचा आवाज ऐकू येतो.

तो इतका क्षीण का, हेही पाहावे. कॉइलचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरते आणि वस्तूचे उत्तर परत येतानाही तसेच. म्हणजे कॉइलच्या त्रिज्येपेक्षा खोल गेल्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ढोबळमानाने चौसष्टावा भाग उरतो. शिवाय आकाराचा प्रश्न आहे. दहा-बारा ग्रॅमची गोल, भरीव शिवराई स्वच्छ आवाज देते. याच किनाऱ्यावर पूर्वी चालणारे लारी हे नाणे म्हणजे चांदीची दुमडलेली तार, जवळपास पाच ग्रॅमची. धातू उत्तम, पण तार उघडी, भोवरी प्रवाहाला फिरायला पूर्ण कडे नाही. तारेच्या जाडीतच काय तो फिरेल. त्यामुळे लारीचा आवाज बारीक, चुरगळलेल्या चांदीच्या कागदासारखा येऊ शकतो. बंद अंगठी आणि तुटलेली अंगठी यांतही हाच फरक.

आता निर्णय. कॉइल जमिनीपासून दोन सेंटिमीटरवर, संथ, दोन्ही दिशांनी. मग नव्वद अंश फिरून पुन्हा. दोन्ही आडव्या-उभ्या फेऱ्यांत आवाज त्याच बिंदूवर आला, लहान का असेना पण गोल राहिला, तर खणावे. नव्वद अंशांत तो फुटला, दुहेरी झाला किंवा हातभर सरकला, तर आडवा पडलेला खिळा समजावा. मग कॉइल पाच सेंटिमीटर उचलावी: पटकन मेला तर वरवरचा कपटा, हळूहळू विरला तर खोल वस्तू. जांभ्याचा ‘गरम खडा’ (हॉट रॉक, म्हणजे यंत्राला धातूसारखा भासणारा लोहयुक्त दगड) ‘बुंग’ असा ओढलेला सूर देतो आणि कॉइल उचलताच जवळजवळ नाहीसा होतो. एकाच दिशेने येणारा, जागा न धरणारा आवाज सोडून द्यावा.

फावडे उचलण्याआधी जागाही पाहावी. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग यांसारख्या केंद्र-संरक्षित स्थळांत परवानगीविना खणणे गुन्हा आहे. प्राचीन स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही अट योग्यच आहे. नाणे कोणत्या थरात होते हे एका फावड्यात पुसले जाते आणि ते परत मिळत नाही. इतरत्रही जागेच्या मालकाची संमती हवी, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मोठा, गोल, जड लोखंडी आवाज आणि कुदळीला तोफगोळ्यासारखे काही लागले तर हात थांबवून पोलिसांना बोलवावे.

परवानगी असेल तिथे तीन बाजूंनी कापून मातीचा ढेप बिजागरीसारखा उलटवावा आणि पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला लहान शोधक) आधी ढेपेवर, मग खड्ड्यात फिरवावा. दोन्हीकडे काही नाही आणि कॉइलला मात्र अजून आवाज येतो, असे जांभ्यात वारंवार होते: खड्ड्याची पोकळी हीच तोल बिघडवते आणि कडांवर खोटा सिग्नल देते. अशा वेळी आणखी खोल जाऊ नये. माती परत भरून, पायाने दाबून, त्याच जागेवर पुन्हा ऐकावे. आवाज गेला असेल तर तो पोकळीचा किंवा फुटून मातीत मिसळलेल्या गंजाचा होता. राहिला असेल तर खुणेची काडी रोवून दुसऱ्या दिशेने पहिल्यापासून मोजायला सुरुवात करावी.