घाट, गिअर आणि मराठवाड्यातील सायकल

सायकलीने दूरच्या डोंगराळ प्रवासाला निघणारी मंडळी आता मराठवाड्यात नवलाची राहिलेली नाहीत. दोन पिढ्यांपूर्वी मात्र गावोगावी सायकल असूनही बालाघाटातला चढ आला की खाली उतरून ती हातात धरूनच न्यावी लागे, आणि त्याचे कारण माणसाच्या पायांपेक्षा सायकलीच्या दातेरी चक्रांत होते.

1885 मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल आणली, 1888 मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि लांबचा प्रवास आवाक्यात आला. चढाचा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला. फ्रान्समध्ये ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द व्हिव्ही अनेक गिअरांचा हिरिरीने पुरस्कार करत होते. पण ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीच्या आयोजकांनी 1910 मध्ये पिरेनीजमधील उंच घाट मार्गात घातल्यानंतरही साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरला 1937 पर्यंत परवानगी दिली नाही. त्यामुळे शर्यतपटू पायथ्याशी उतरत, मागचे चाक सोडवत आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला बसवलेले जास्त दात्यांचे चक्र साखळीकडे येईल असे ते उलटवून पुन्हा कसत. आयोजकांचा हा निव्वळ हट्टच म्हणायला हवा.

लांबच्या सायकलप्रवासाची ओढ भारतातही होतीच: 1923 मध्ये मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी 1928 मध्ये सायकलीवरची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

मराठवाडा मुंबई राज्यात आला ते 1956 हे साल लुधियानात हीरो सायकलचा कारखाना सुरू झाल्याचेही आहे. पुढे खेड्यापाड्यांत रुळलेली 28 इंची काळी सायकल दुधाच्या कॅनसाठी आणि डबलसीटसाठी उत्तम होती. मात्र पुढे 44 व मागे 18 दाते असले की पॅडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते, आणि घाटात एवढे अंतर ओढणे पायांना झेपत नाही. पुढे 26, मागे 34 दाते असलेल्या प्रवासी सायकलीत हेच अंतर पावणेदोन मीटरच्याही आत येते. वेग घटतो, पण उतरावे लागत नाही.

गिअरच्या सायकली सुलभ झाल्या आणि गेल्या दीड-दोन दशकांत 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 600 किलोमीटर चाळीस तासांत अशा फ्रेंच वळणाच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत लांब अंतर पुरे करण्याच्या सायकलफेऱ्या, भारतात रुजल्या, तेव्हा आपल्याकडच्या घाटांना सरावाचे मोल आले. बीडहून दक्षिणेला निघाले की मांजरसुंब्याचा घाट बालाघाटाच्या पठारावर चढवतो. कन्नडचा औट्रम घाट मात्र चाळीसगावकडे जाणाऱ्याला आधी उतार म्हणून भेटतो आणि खरी परीक्षा परतीच्या वाटेवर, दमलेल्या पायांनी घेतो.

मनाली–लेह मार्गावर हा सराव एका मर्यादेपर्यंतच पुरतो. तिथली तंगलंग ला ही खिंड पाच हजार तीनशे मीटरांहून उंच आहे, आपल्याकडचे म्हैसमाळ हजार मीटरांच्या थोडे वर. विरळ हवेवर गिअरचा इलाज नाही. त्यासाठी वाटेतले मुक्कामच वाढवावे लागतात.