नाव ठेवणे (बारसे)

नवजात बाळाचे नाव ठरवून ते चारचौघांत जाहीर करण्याची रीत. मराठी हिंदू घरांत हा सोहळा परंपरेने बाराव्या दिवशी होतो, म्हणून त्याला बारसे म्हणतात. काही घरांत मुलीचे तेराव्या दिवशी करतात. हल्ली मात्र हॉल कधी मिळतो आणि पाहुण्यांना रजा कधी आहे यावर दिवस ठरतो. नाव आईवडील ठेवतात असे आपण सहज म्हणतो, पण परवापरवापर्यंत त्या नावात त्यांचा वाटा सर्वांत लहान असे.

घरगुती संस्कारांचे नियम सांगणाऱ्या प्राचीन आश्वलायन गृह्यसूत्रात नावाचे अक्षरगणितच दिले आहे. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरी, म्हणजे सम, मुलीचे विषम. आरंभी घोष व्यंजन (ग, ज, द, ब यांसारखे), मध्ये य-र-ल-व यांपैकी एखादे. त्याच सूत्रात आणखी एक नाव सांगितले आहे, जे मुंज होईपर्यंत फक्त आईवडिलांनाच ठाऊक असावे. निव्वळ त्या दोघांचे असे नाव परंपरेत बहुधा हे एवढेच.

पुढे अक्षराचा निर्णय पंचांगाकडे गेला. २७ नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर, अशी १०८ अक्षरे अवकहडा चक्रात मांडलेली असतात. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ‘ङ’ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ‘ण’. या अक्षरांनी सुरू होणारे नाव कोणी आणावे? म्हणून राशीचे नाव पत्रिकेत राहते आणि हाक मारायचे नाव वेगळे ठेवले जाते.

हाकेच्या नावावर पहिला हक्क आजोबांचा. वारलेल्या आजोबांचे नाव नातवाला द्यायचे, ही रीत पेशव्यांच्या वंशावळीतही दिसते : बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव. अडचण अशी, की सासऱ्याचे नाव सून उच्चारत नसे. मग स्वतःच्याच मुलाला हाक कशी मारणार? त्यातून नाना, बापू, आबा, अण्णा, भाऊ ही घरगुती नावे रुजली. कित्येकांचे खरे नाव शेजाऱ्यांना लग्नपत्रिकेवरच कळे.

कुलदैवताचाही वाटा असे. खंडोबाच्या घरी खंडू, मल्हारी, म्हाळसा. पंढरीच्या वारकऱ्याकडे पांडुरंग, विठाबाई. गोव्याकडे मंगेश, नागेश, शांता. मुले जगत नसत तिथे दगडू, धोंडू, केरबा, भिकू अशी मुद्दाम ओबडधोबड नावे ठेवत. हेतू हा, की नाव ऐकून मृत्यूलाही ते मूल नकोसे वाटावे. ‘नकुशी’ची गोष्ट मात्र निराळी. तिथे मूल वाचवायचे नव्हते, मुलीच नको होत्या. सातारा जिल्ह्यात २०११ साली जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने २८५ नकुशींना नवी नावे देण्यात आली.

नाव कोणी निवडायचे हा प्रश्न हक्काचाही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतरच्या पिढीत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा ही नावे घरोघर आली. ज्यांच्या पूर्वजांची चांगली नावेही गावाने तोडून, अरे-तुरेने हाकारली, त्यांनी ती निवडली होती.

प्रत्यक्ष बारशात मान आत्याचा. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला वरून-खालून एकमेकींकडे देतात. मग आत्या बाळाच्या कानाशी ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते आणि तिच्या पाठीत धपाटे बसतात. नंतर पाळणा म्हणायचा, घुगऱ्या वाटायच्या. नाव घरच्यांनी आधीच ठरवलेले असते, पण ते पहिल्यांदा उच्चारते माहेरवाशीण. हिचे स्वतःचे नाव पुष्कळदा लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे लिहून बदललेले असते.

आता निवड बरीचशी खरोखर आईवडिलांच्या हातात आली आहे. दोघांच्या नावांतली अक्षरे जुळवतात, इंग्रजी स्पेलिंग अंकशास्त्राला दाखवतात; परदेशातले मराठी जोडपे ‘ळ’ आणि ‘ण’ टाळते. कायद्याला घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली, तरी नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. पहिल्या १२ महिन्यांत नाव विनाशुल्क भरता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क देऊन १५ वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत क्रम ठरला आहे : बाळाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव.