वेब सर्व्हिस आणि डिपेंडन्सी इंजेक्शन: ऑब्जेक्ट तयार करण्याचा अधिकार कोणाचा?

कोल्हापूर परिसरातील एखाद्या दूध संस्थेसाठी सर्व्हिस लिहायची झाली, तर संकलन केंद्रावरून आलेली लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातील स्निग्धेतर घन पदार्थ) यांची नोंद स्वीकारून, दरपत्रक पाहून, उत्पादकाच्या खात्यावर रक्कम चढवावी लागते. नोंद स्वीकारणाऱ्या क्लासला (म्हणजे प्रोग्रॅममधील ऑब्जेक्टच्या आराखड्याला) दरपत्रक आणि डेटाबेस या दोन्ही गोष्टी लागतात. त्या त्याने स्वतः तयार करायच्या, शोधून आणायच्या, की बाहेरून कोणी पुरवायच्या, या प्रश्नाभोवती जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील बॅकएंडच्या (सर्व्हरवर चालणाऱ्या भागाच्या) पाव शतकाचा इतिहास फिरतो.

१९९९ च्या अखेरीस आलेल्या जे२ईई या सर्व्हरसाठीच्या जावा व्यासपीठामध्ये शोधून आणण्याची रीत होती. प्रत्येक क्लास जेएनडीआय या नामसूचीत विचारणा करी, त्यामुळे साध्या हिशेबाची चाचणी घ्यायलाही बहुधा संपूर्ण सर्व्हर चालू करावा लागे. या जडपणावर रॉड जॉन्सन यांनी २००२ मध्ये पुस्तकातून नेमके बोट ठेवले आणि त्यातील कोडमधूनच पुढे, क्लासला लागणाऱ्या गोष्टी बाहेरून पुरवणारे स्प्रिंग हे फ्रेमवर्क (तयार सांगाडा) उभे राहिले, त्याची १.० आवृत्ती मार्च २००४ मध्ये आली. त्याच वर्षी जानेवारीत सॉफ्टवेअर लेखक मार्टिन फाउलर यांच्या लेखाने बाहेरून पुरवण्याच्या या पद्धतीला डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव रूढ करून दिले. गूगलचे ग्वाइस हे तशाच कामाचे फ्रेमवर्क २००७ मध्ये आले आणि एक्सएमएल या वेगळ्या मजकूर-फाइलींऐवजी जावातच जोडणी लिहिता येऊ लागली.

वेब सर्व्हिसची वाट मात्र वेगळी चालली होती. सोप या जड संदेश-पद्धतीनंतर रेस्ट या साध्या वेब-पत्त्यांवर आधारलेल्या पद्धतीकडे ओढा वाढला आणि २००८ मध्ये जावात रेस्ट सर्व्हिस लिहिण्यासाठी जेएक्स-आरएस हे प्रमाणक ठरले. अडचण इथेच उभी राहिली, आणि माझ्या मते हाच या इतिहासाचा गाभा आहे. जेएक्स-आरएस प्रत्येक विनंतीसाठी रिसोर्स क्लासचा (विनंती हाताळणाऱ्या क्लासचा) ऑब्जेक्ट स्वतः तयार करते, तर स्प्रिंगला स्वतः तयार केलेल्या ऑब्जेक्टपुरतेच दरपत्रक पुरवता येते. दोघांना सांधले नाही, तर सर्व्हिस सुरू होते, पत्ताही ओळखते, पण दरपत्रकाची जागा रिकामीच राहते. सांधले तरी आयुर्मानाचा प्रश्न उरतो: स्प्रिंगमध्ये ऑब्जेक्ट मुळात एकच असतो आणि सर्व विनंत्या त्याच्यावरच येतात, म्हणून उत्पादकाचा क्रमांक त्याच्या फील्डमध्ये ठेवला तर एकाच्या दुधाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ शकते. गरीब उत्पादकाच्या पैशाचा प्रश्न असल्याने हा तपशील किरकोळ मानता येत नाही.

२००९ मध्ये जॉन्सन आणि ग्वाइसचे बॉब ली यांनी पुढाकार घेतलेल्या जेएसआर-३३० या प्रमाणकाने इंजेक्शनच्या (कोडमध्ये लिहायच्या) खुणा समान केल्या, आणि त्याच वर्षी जे२ईईचा वारस असलेल्या जावा ईई ६ मध्ये सीडीआय हे इंजेक्शनचे प्रमाणक व जेएक्स-आरएस एकत्र आले. तरीही कंटेनर (ऑब्जेक्ट तयार करून पुरवणारे भाग) एक झाले नाहीत. जेएक्स-आरएस प्रत्यक्षात राबवणाऱ्या जर्सीच्या दुसऱ्या पिढीने एचके२ हा स्वतःचा कंटेनर घेतला, त्यामुळे स्प्रिंग किंवा ग्वाइस वापरणाऱ्यांना मधला पूल लावावाच लागला. २०१४ च्या स्प्रिंग बूटने ही जुळवाजुळव बरीचशी आपोआप केली. २०१६ च्या एएसपी डॉट नेट कोअर या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कने तर कंटेनर फ्रेमवर्कमध्येच दिला.

२०२० च्या जकार्ता ईई ९ (जावा ईईचे नवे नाव) मध्ये पॅकेजचे, म्हणजे कोडमधील क्लासच्या गटाचे, जावाएक्स हे नाव बदलून जकार्ता झाले आणि स्प्रिंग ६ ने २०२२ मध्ये तोच मार्ग धरला. त्यामुळे जुनी सर्व्हिस नव्या आवृत्तीवर नेताना फ्रेमवर्क, कंटेनर आणि त्यांच्यातील पूल या तिन्ही गोष्टी एकाच वेळी बदलाव्या लागतात.