काजव्यांचा ‘तो’ फोटो एका क्लिकचा नसतो

मे संपत आला की भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाचीचे काजव्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. अख्खं जंगल पिवळ्या ठिपक्यांनी भरलेलं. त्यावरून दोन समज पक्के झालेत: तिथे डोळ्यांना असंच दिसतं, आणि असा फोटो लाखभराच्या कॅमेऱ्याशिवाय येत नाही. दोन्ही चूक.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, जराही न हलवता, शटर (उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा) दरवेळी १५ ते ३० सेकंद उघडं ठेवून बरेच फोटो काढतात आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये ते एकावर एक चढवतात. उडता उडता एकच काजवा दहा ठिकाणी लुकलुकला, तर फोटोत दहा ठिपके! गर्दी खरीच, पण बऱ्याच वेळाची साठलेली. प्रत्यक्षात झाडभर काजवे एका लयीत उजळतात, विझतात. ती लयच या फोटोत हरवते, म्हणून मला तरी असे फोटो थोडे गोडमिट्ट वाटतात.

शटरचा वेळ हाताने ठरवता येणारा जुना कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली लेन्स पुरते. फोकस मात्र उजेड असतानाच झाडावर लावून ऑटोफोकस बंद करायचा. अंधारात लेन्स नुसती मागेपुढे घरघरत बसते. फ्लॅश मारलात तर पानं तेवढी उजळतात. शिवाय नर-मादी एकमेकांना प्रकाशानेच खुणावतात, त्यामुळे हातातला टॉर्चही बंदच ठेवा.