स्क्रिप्टने केलेले क्लिक

वेब पानावरचे बटण, लिंक किंवा चेकबॉक्स माणसाने न दाबता पानातल्या जावास्क्रिप्ट कोडने ‘दाबणे’ म्हणजे स्क्रिप्टने केलेले क्लिक. ब्राउझर असे क्लिक नाकारत नाही, पण माणसाच्या क्लिकला जे अधिकार मिळतात ते सगळे त्याला देतही नाही. पानाच्या आतले काम बहुतेक बिनबोभाट होते. नवी खिडकी उघडायची, फाइल निवडायची चौकट दाखवायची किंवा पूर्ण पडदा व्यापायचा झाला, की ब्राउझर आधी माणूस शोधतो.

माणूस माउसचे बटण दाबतो तेव्हा पॉइंटरच्या खाली नेमका कोणता घटक आहे हे ब्राउझर ठरवतो आणि त्या घटकाकडे ओळीने इव्हेंट, म्हणजे काय घडले याच्या सूचना, पाठवतो : पॉइंटरडाउन, माउसडाउन, पॉइंटरअप, माउसअप आणि सगळ्यात शेवटी क्लिक. स्क्रिप्टमधून घटकाची क्लिक ही मेथड (घटकाला जोडलेले फंक्शन) बोलावली, तर यातला फक्त शेवटचा इव्हेंट उठतो. पॉइंटर कुठे आहे, वर दुसरे काही झाकलेले आहे का, घटक पडद्यावर दिसतो तरी का, यातले काहीच तपासले जात नाही. त्यामुळे जाहिरातीच्या पट्टीखाली दडलेले बटणही स्क्रिप्टने दाबता येते, आणि माउसडाउनवर उघडणारा मेनू मात्र स्क्रिप्टच्या क्लिकने ढिम्म हलत नाही. फॉर्ममधले बटण अक्षम करून ठेवले असेल, तर ही मेथड काहीच न करता परतते.

ही सोय जुनी आहे. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी तयार केली. पानातल्या घटकांना स्क्रिप्टने कसे हाताळायचे हे ठरवणाऱ्या डॉम मानकाच्या १९९८ च्या पहिल्या पातळीत क्लिक मेथड इनपुट घटकांपुरतीच होती. नोव्हेंबर २००० च्या दुसऱ्या पातळीने कोणताही इव्हेंट स्वतः बनवून डिस्पॅचइव्हेंट या मेथडने सोडण्याची रीत दिली. त्या काळी माउसचा इव्हेंट बनवायला एकाच फंक्शनला १५ मूल्ये क्रमाने द्यावी लागत. आता माउसइव्हेंटच्या कन्स्ट्रक्टरला (इव्हेंट बनवणाऱ्या फंक्शनला) हवी तेवढीच माहिती दिली की भागते.

प्रत्येक इव्हेंटवर इजट्रस्टेड नावाचा एक गुण असतो. ब्राउझरने स्वतः उठवलेल्या इव्हेंटवर तो खरा असतो, स्क्रिप्टने सोडलेल्यावर खोटा, आणि स्क्रिप्टला तो बदलता येत नाही. खोट्या इव्हेंटमागे ब्राउझरची नेहमीची कृती होत नाही, हा सर्वसाधारण नियम. कीडाउनचा (कळ दाबल्याचा) बनावट इव्हेंट पाठवला म्हणून रकान्यात अक्षर उमटत नाही. क्लिक मात्र या नियमाला अपवाद आहे : लिंक उघडते, फॉर्म जातो, टिक बदलते. कितीतरी पाने या वागण्यावर उभी असल्याने मानकानेही अपवाद तसाच ठेवला. माझ्या मते नवशिक्यांचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

उदाहरणादाखल कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एखाद्या दुकानाचे ऑर्डरचे पान घेऊ. कापशी चप्पलेच्या चित्राखाली ‘भेट म्हणून बांधून द्या’ असा चेकबॉक्स आहे. टिक लावली की एकूण रक्कम वाढते. फोनवर आलेल्या ऑर्डरी भरायला दुकानातल्या पोराने ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये चार ओळींची स्क्रिप्ट घालून ठेवली आहे. त्याची तक्रार अशी : “हातानं टिक केली की रक्कम वाढतीया, बुकमार्कनं केली की टिक दिसतीया पण रक्कम तितकीच ऱ्हातीया.” कारण स्क्रिप्ट चेकबॉक्सचा चेक्ड हा गुण थेट बदलते. त्याने टिक उमटते, पण कोणताही इव्हेंट उठत नाही, आणि रक्कम मोजणारा कोड तर चेंज इव्हेंटची वाट पाहत बसलेला असतो. उलट नुसता चेंज इव्हेंट पाठवला, तर तो कोड पळतो खरा, पण टिक नसल्याने रक्कम जुनीच निघते. क्लिक मेथड वापरली तर टिक, इनपुट आणि चेंज हे सगळे होते. मानकानुसार त्या क्लिकचा इजट्रस्टेड खोटा असला, तरी त्यातून निघालेल्या इनपुट आणि चेंजचा खरा असतो, कारण ते ब्राउझरने उठवलेले असतात. एक सावधगिरी हवी : क्लिक टिक उलटवते. आधीच लावलेली टिक त्याने निघून जाते, म्हणून आधी स्थिती पाहावी लागते.

चेकबॉक्सचा आणखी एक विशेष म्हणजे त्याची टिक लिसनर, म्हणजे इव्हेंटची वाट पाहणारा कोड, चालण्याआधीच बदलते. लिसनरने ब्राउझरची नेहमीची कृती रोखणारे प्रिव्हेंटडिफॉल्ट बोलावले, तर ब्राउझर ती मागाहून पूर्ववत करतो. त्यामुळे लिसनरच्या आत नवी स्थिती दिसते आणि तो संपल्यावर जुनी, हे पाहून भले भले चक्रावतात.

वेळेतही फरक पडतो. स्क्रिप्टचे क्लिक जागच्या जागी चालते. सगळे लिसनर संपल्याशिवाय पुढची ओळ सुरू होत नाही. बटणावर एक आणि त्याच्या पालक घटकावर एक असे दोन लिसनर असून प्रत्येकाने एक प्रॉमिस (चालू कोड संपल्यावर करायचे काम) लावले असेल, तर माणसाच्या क्लिकमध्ये पहिला लिसनर, त्याचे प्रॉमिस, दुसरा लिसनर, त्याचे प्रॉमिस असा क्रम लागतो. स्क्रिप्टच्या क्लिकमध्ये दोन्ही लिसनर आधी आणि दोन्ही प्रॉमिस नंतर, कारण क्लिक बोलावणारा कोड अजून संपलेला नसतो.

पानाबाहेरच्या कृतींसाठी ब्राउझर क्लिक खरे की खोटे हे विचारतच नाही. तो पाहतो की माणसाने या पानाला नुकताच हात लावला आहे का. याला वापरकर्ता सक्रियता म्हणतात. माउसडाउन, एस्केप सोडून इतर कळांचा कीडाउन, टचएंड अशा खऱ्या इव्हेंटने ती मिळते. त्या यादीत खुद्द क्लिक नाही. क्रोममध्ये २०१९ च्या ७२ व्या आवृत्तीपासून ही पद्धत आहे आणि तिथे तात्पुरती सक्रियता ५ सेकंद टिकते. चप्पलेच्या मापासाठी कागदावर पाय ठेवून काढलेल्या रेघेचा फोटो मागवणारे ‘फोटो जोडा’ बटण यावरच चालते : फाइलचा मूळ इनपुट लपवलेला असतो आणि दिसणाऱ्या बटणाचा लिसनर त्यावर स्क्रिप्टने क्लिक करतो. गिऱ्हाइकाचे बोट नुकतेच लागलेले असते, म्हणून चौकट उघडते. तेच क्लिक पान उघडताच आपोआप केले, तर काहीच होत नाही.

पावतीचे दुखणे वेगळे. गिऱ्हाइकाने ‘पावती दाखवा’ दाबले, पान सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबले, गगनबावड्याच्या पावसात नेटवर्क रेंगाळले आणि ५ सेकंद उलटून गेले, की नवी खिडकी अडवली जाते. खिडकी उघडली की ती सक्रियता खर्चही होते, त्यामुळे एका दाबात दोन पावत्या उघडायला गेल्यास दुसरी अडकते.

चाचण्यांसाठी चालवलेला ब्राउझर निराळा. ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या सिलेनियम या साधनाची सुरुवात २००४ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी केली, तेव्हा ते पानात जावास्क्रिप्ट घुसवूनच काम करी. पुढे त्यातून वेबड्रायव्हरचे मानक आले आणि २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ते शिफारस म्हणून प्रसिद्ध केले. वेबड्रायव्हरचे क्लिक ब्राउझरच्या खालच्या थरातून येते : इव्हेंटची पूर्ण ओळ उठते आणि इजट्रस्टेड खरा असतो. वर पट्टी आडवी आली असेल, तर क्लिक अडल्याची चूक मिळते. त्या चुकीला कंटाळून चाचणीत सरळ स्क्रिप्टचे क्लिक घालणारे पुष्कळ आहेत. चाचणी हिरवी होते, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मात्र बटण पट्टीखालीच राहते.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे क्लिकजॅकिंग. हे नाव २००८ मध्ये रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन यांनी दिले. यात क्लिक खऱ्या माणसाचे असते आणि इजट्रस्टेडही खरा. फक्त त्याला दिसणाऱ्या बटणावर दुसऱ्याच संकेतस्थळाची पारदर्शक चौकट पसरलेली असते आणि क्लिक तिथे जाते. आपले पान परक्या चौकटीत उघडू न देणे हा त्यावरचा मुख्य उपाय आहे. त्यासाठी सर्व्हर आधी पानासोबत एक्स-फ्रेम-ऑप्शन्स हा हेडर (ब्राउझरसाठीची सूचना) पाठवत. आता कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी या सुरक्षा धोरणातला फ्रेम-अॅन्सेस्टर्स हा नियम वापरतात.