तुरुंगातून पळालेल्या सराईत बंद्याची शिक्षा: हिशेब, अपील आणि कागदपत्रे

पळून गेलेला बंदी सापडला आणि त्याच्या नावावर आधीच्या चोऱ्या असल्या, की "सराईत म्हणून दुप्पट शिक्षा लागणार" असे घरच्यांना सांगितले जाते. कायद्यात दुप्पट असे काही नाही. पलायनाची शिक्षा आणि सराईतपणाची वाढीव शिक्षा या दोन वेगळ्या बाबी आहेत. अर्जात त्यांची सरमिसळ झाली की अपील तिथेच कमजोर होते.

1 जुलै 2024 पासूनच्या पलायनाला भारतीय न्याय संहितेचे कलम 262 लागते. त्याआधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड विधानाचे (भादंवि) कलम 224. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, आणि तेही मूळ शिक्षेशिवाय वेगळे. प्रयत्न फसला तरी कलम लागतेच.

वाढीव शिक्षा न्याय संहितेच्याच कलम 13 खाली होते. नाणी, नोटा, मुद्रांक (प्रकरण 10) किंवा मालमत्ता (प्रकरण 17) यांविषयीच्या, तीन वर्षे किंवा जास्त कैदेच्या गुन्ह्यात आधी दोषसिद्धी आणि नंतर तसाच दुसरा गुन्हा, असे असेल तर जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पलायन या दोन्ही प्रकरणांत येत नाही. म्हणजे नुसता पळाला म्हणून कलम 13 लावता येत नाही. फरार असताना घरफोडी केली, तर त्या घरफोडीला ते लागू शकते. सराईत गुन्हेगारांविषयीचा 1959 चा मुंबईचा कायदा नोंदणी आणि निर्बंधांपुरता आहे. शिक्षेचा आकडा त्यातून वाढत नाही.

निकालपत्र हातात आले की आधी पाहायचे ते हे: जुन्या दोषसिद्धीची तारीख आणि ठिकाण दोषारोपात आहे का? वाढीव शिक्षा मागायची तर ते लिहावेच लागते. राहून गेले असेल तर शिक्षा सुनावण्यापूर्वी न्यायालय भर घालू शकते, नंतर नाही. आरोपीने जुनी शिक्षा नाकारली तर न्यायालयाच्या अभिलेखाचा प्रमाणित उतारा, तुरुंगाधिकाऱ्याचा दाखला किंवा शिक्षेचे वॉरंट लागते आणि सोबत तो माणूस हाच, याचा पुरावा. नावे सारखी, वडिलांचे नाव वेगळे, अशा कागदावर शिक्षा वाढली असेल तर तोच अपिलाचा पहिला मुद्दा.

आता हिशेब. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 466 नुसार नवी शिक्षा जुनीपेक्षा कडक प्रकारची नसेल, तर पळताना उरलेली शिक्षा आधी भोगायची आणि नवी त्यानंतर सुरू होते. सात वर्षे सक्तमजुरीपैकी चार उरली असताना पळालेल्याला पलायनासाठी एक वर्ष सक्तमजुरी झाली, तर पुढे पाच वर्षे. जुनी साधी कैद आणि नवी सक्तमजुरी असेल तर मात्र नवी लगेच सुरू होते. हे कलम शिक्षा झालेल्या बंद्यापुरते आहे. न्यायाधीन असताना, म्हणजे खटला चालू असून शिक्षा झालेली नसताना, पळालेल्याला ते लावले असेल तर हिशेबच चुकला. खटल्यादरम्यानची कोठडी कलम 468 खाली वजा होते. ती प्रत्येक गुन्ह्याची वेगळी मोजतात, आणि घोळ बहुतेक वेळा इथेच होतो.

अपील बंदी स्वतः करू शकतो. दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात 30 दिवसांत, सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात 60 दिवसांत. आत असेल तर कलम 424 प्रमाणे अर्ज तुरुंग अधीक्षकाकडे द्यायचा, ते तो पुढे पाठवतात; पोच मागून घ्यावी. कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा.

सोबत जोडायचे: निकालाची प्रत (शिक्षा झालेल्याला ती विनामूल्य मिळते), दोन्ही शिक्षांची वॉरंटे, दोषारोपाची प्रत, अटकेच्या आणि कोठडीच्या तारखा दाखवणारे कागद, तुरुंगाकडून शिक्षेच्या हिशेबाचा उतारा. मुदत टळली असेल तर विलंबमाफीचा अर्ज वेगळा द्यावा. त्यात "अडचणीमुळे" एवढेच लिहून भागत नाही. प्रत कधी मिळाली, वकील कधी नेमला, हे तारखांसह लिहावे.